आठ दगडांचं अंतर

सातारा रेल्वे स्टेशनवर मी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जातो. गाडी पकडायला नाही, कुणाला आणायलाही नाही. स्टेशन गावापासून लांब, माहुलीकडे, त्यामुळे सहज फिरत फिरत गेलो असं म्हणायचीही सोय नाही. प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, टोकाच्या पिवळ्या पाटीपाशी जायचं, गावाच्या नावाखाली बारीक आकड्यांत लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची वाचायची, मनगटावरच्या घड्याळाची बटणं दाबून तोच आकडा त्यात भरायचा आणि घरी यायचं. एकदा चहावाल्यानं विचारलं, "कुठल्या गाडीला?" म्हटलं, "गाडी नाही, घड्याळ लावायला आलोय." त्यानं माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "येळ तर मोबाइलात पण बघता येती की," म्हणाला आणि चहाचे पैसे आधी मागून घेतले.

घड्याळ मुलीनं दिलेलं. माझी पन्नाशी झाली तेव्हा तिनं पहिल्या पगारांतून साठवून घेतलं, किंमत बत्तीस हजार, आणि ती मला चुकून बिलावर दिसली म्हणून कळली. वेळ हे त्यातलं सगळ्यांत बिनमहत्त्वाचं काम. ते उंची सांगतं, वायुदाब सांगतं, दिशा दाखवतं, उपग्रहांशी बोलून मी कुठं आहे ते काढतं, मनगटाच्या कातडीवर हिरवा उजेड पाडून नाडी मोजतं, आणि दहा हजार पावलं झाली की थरथरतं. (दहा हजार हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होतं. जाहिरातीचा आकडा आज जगाच्या प्रकृतीचं माप झाला आहे.) मला हे घड्याळ आवडतं. पाच वर्षं झाली, आंघोळीलाही काढत नाही. पुढं जे लिहिणार आहे ते घड्याळाच्या विरोधात आहे असा कुणाचा समज होऊ नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

उंची मोजायची त्याची रीत साधी आहे. आत वायुदाब मोजणारा इवलासा तुकडा बसवलेला असतो. वर चढावं तशी हवा विरळ होते, दाब कमी होतो, त्यावरून घड्याळ उंचीचा हिशेब करतं. साताऱ्याची उंची साधारण ७४० मीटर, इथं दाब ९२५ हेक्टोपास्कलच्या (हे वायुदाब मोजायचं एकक) आसपास असतो. कासच्या पठारावर, बाराशे मीटरच्या सुमाराला, तो ८८० च्याही खाली येतो. आपल्या या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास नऊ मीटर. इथवर सगळं छान आहे. पण दाब काही फक्त चढल्यानं बदलत नाही, हवामानानंही बदलतो, आणि घड्याळाला या दोन्हींतला फरक कळायचा काहीच मार्ग नसतो. सकाळी दहाला घड्याळ टेबलावर काढून ठेवा आणि दुपारी चारला बघा. टेबल जागचं हललेलं नसतं, घड्याळ मात्र पंचवीस-तीस मीटर चढून बसलेलं असतं. उष्ण कटिबंधात वायुदाबाला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या आसपास भरती, पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास ओहोटी, दोन्हींत तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक. म्हणजे साताऱ्यातल्या सदाशिव पेठेतल्या माझ्या घरातलं टेबल रोज दुपारी अजिंक्यतारा किल्ल्याच्या दिशेनं थोडंसं निघतं आणि रात्री परत येतं.

वादळाची सूचना देणारी सोयही अशीच. अनेक घड्याळांत ती तीन तासांत चार हेक्टोपास्कल दाब उतरला की वाजते. युरोपातल्या थंड मुलखात वादळं मोठ्या पट्ट्यानं, आधी दाब पाडत येतात, तिथं हा हिशेब चालतो. आपला वळीव तासा-दीड तासात डोक्यावर उभा राहतो आणि दुसऱ्या तासाला निथळून मोकळा होतो. एका मे महिन्यात यवतेश्वरच्या माथ्यावर मी गारांनी सडकून झोडपला गेलो, आणि माझ्या मनगटावरचं यंत्र शेवटपर्यंत शांत होतं. त्याची चूक नाही. त्याला शिकवलेलं हवामान वेगळं होतं.

तर उंची खरी हवी असेल तर घड्याळाला अधूनमधून एक ठाऊक असलेली उंची सांगावी लागते. मग ते तिथून पुढं नीट मोजतं. उपग्रहांवरूनही उंची मिळते, पण उपग्रह मोजतात ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासूनची उंची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात या दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो, आणि तो घड्याळाला पोटातल्या कोष्टकावरून भरून काढावा लागतो. शिवाय उपग्रहांना आडवं अंतर जितकं बरं कळतं तितकं उभं कळत नाही. मग खात्रीची उंची कुठून आणायची? मी शोध घेतला, आणि आमच्या गावाभोवती कुणाही माणसाला चालत जाऊन वाचता येईल असा उंचीचा आकडा मला एकच सापडला, तो स्टेशनच्या पाटीवर. त्यामागं १८०२ साली मद्रासेजवळ सुरू झालेली त्रिकोणमितीय मोजणी आहे, वर्षानुवर्षं समुद्राच्या भरती-ओहोटीची पातळी नोंदवणारी बंदरं आहेत, १९०९ मध्ये नऊ बंदरांच्या नोंदींवरून ठरवलेला देशाचा शून्य आहे. माझं बत्तीस हजारांचं यंत्र शेवटी या पिवळ्या पाटीला येऊन विचारतं, बाई गं, मी कुठं आहे?

हे मला बरेच दिवस गमतीचं वाटत होतं. गंभीर वाटायला लागलं ते पोरांच्या सोळाशेमुळं.

माझं मूळ गाव कोरेगाव तालुक्यात. दर शनिवार-रविवारी जातो, सकाळी रस्त्यावर पळतो. त्याच रस्त्यावर पहाटे पाचपासून पंधरा-वीस पोरं-पोरी पळत असतात. साताऱ्यात हे सांगायला नको, या जिल्ह्यात एकेका गावातून घराघरानं सैन्यात माणसं गेलेली आहेत. सैन्यभरती नाहीतर पोलीसभरती. पोलीसभरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक, असे मैदानी चाचणीचे पन्नास गुण. सेकंदावर गुण उतरतात. या पोरांच्या भाषेत भरतीची चाचणी म्हणजे 'ग्राउंड', आणि सोळाशे मीटर म्हणजे नुसतं 'सोळाशे'. एकमेकांना भेटल्यावर विचारायचं ते "सोळाशे किती बसलं?" एवढंच. "पाच पंधरा." "माझं पाच बावीस." यावर चेहरे फुलतात आणि पडतात.

पाच मिनिटं पंधरा सेकंद कुठून कुठपर्यंत? गावाच्या पाटीपासून एका चिंचेपर्यंत. चिंचेच्या खोडाला चुन्याचा पट्टा. हे अंतर एका पोरानं मोबाइलमधलं ॲप लावून चालत मोजलेलं होतं. माझ्या मनगटावर बघून एक दिवस त्यांनी मला थांबवलं. "काका, तुमचं घड्याळ भारीतलं हाय, त्येच्यात किती येतंय बघा की." मी पाटीपासून चिंचेपर्यंत पळालो. घड्याळात आलं १.५९ किलोमीटर. म्हटलं, "बरोबर आहे. दहा मीटर इकडंतिकडं." पोरं खूश झाली. मीही झालो, खोटं कशाला बोलू. सल्ला मागायला कुणी आलं की माणूस घड्याळाएवढाच अचूक होतो.

चार महिन्यांनी ग्राउंड झालं. परत आल्यावर एकजण म्हणाला, "काका, टायमिंग मागं पडला. माझा आठ सेकंद. आन् माझाच न्हाय, समद्यांचाच." काहींनी उन्हाला दोष दिला, काहींनी रात्रभर फुटपाथवर झोपल्याला. तो दोष असेलही. पण सगळेच सात-आठ सेकंदांनी मागं पडावेत हे मला खटकलं. भावाकडून तीस मीटरची स्टीलची टेप आणली, दोन पोरं धरली आणि रविवारी पहाटे पाटीपासून मोजत निघालो. सोळाशेला टेप त्रेपन्न वेळा लागते आणि वर दहा मीटर उरतात. आमची बावन्नाव्यांदा लावली, वर फक्त दोन मीटर गेली, आणि समोर चिंच. १,५६२ मीटर. अडतीस मीटर कमी. पाच पंधराला धावणाऱ्याला अडतीस मीटर म्हणजे बरोबर सात-आठ सेकंद. वर्षभर ही पोरं स्वतःला पाच पंधराची समजत होती, ती होती पाच तेवीसची. आठ सेकंद कमी करायला भरपूर वेळ त्यांच्याकडं होता, फक्त कमी करायचे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. आणि मी बत्तीस हजारांचा शिक्का मारून दिला होता.

मोबाइल आणि घड्याळ दोन्ही एकाच बाजूला चुकले यात नवल नाही. दोन्ही एकाच तऱ्हेनं मोजतात. दर सेकंदाला उपग्रहांवरून एक ठिपका पाडायचा आणि ठिपके जोडत जायचे. प्रत्येक ठिपका दोन-चार मीटर इकडंतिकडं पडतो, रस्त्याला झाडी दाट असेल तर आणखी. माणूस सरळ चाललेला असतो, ठिपके नागमोडी पडतात, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब भरते. म्हणून सरळ रस्त्यावर ही यंत्रं अंतर थोडं वाढवून सांगतात. दोन-अडीच टक्क्यांची चूक माझ्यासारख्याला काहीच नाही. मी पाच किलोमीटर पळालो काय आणि चार किलोमीटर नऊशे पळालो काय, पोट तेवढंच राहणार. पण ज्याची नोकरी सेकंदावर ठरते त्याला दोन टक्के म्हणजे एक वर्ष.

याच रस्त्याला मी लहान असताना किलोमीटरचे दगड होते, आणि दोन किलोमीटरच्या दगडांमध्ये दर दोनशे मीटरला एकेक ठेंगणा दगड. त्यावर २, ४, ६, ८ असे आकडे. शाळेतून येताना आम्ही ते मोजत यायचो, मधल्या दगडावर बसून बोरं खायचो. सोळाशे मीटर म्हणजे आठ दगडांचं अंतर. कुठल्याही दगडापासून निघा, आठवा आला की थांबा, झालं सोळाशे. आमच्या पिढीतल्या ज्यांनी सैन्यात जायची तयारी केली त्यांना ना मोबाइल लागला ना घड्याळ. मास्तरांच्या हातातलं एक साधं स्टॉपवॉच, तेही शाळेचं. रस्ता रुंद झाला तेव्हा ते दगड गेले. काही साइडपट्टीच्या मुरमात गाडले गेले, एक आमच्या आळीत पायरीला लावलेला आहे, आकडा वर करून. रुंद रस्ता हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण दगड गेले हे चार-पाच वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तोपर्यंत प्रत्येकाच्या खिशात अंतर मोजायचं यंत्र आलं होतं.

मला म्हणायचंय ते हेच. मोजण्याचं यंत्र प्रत्येकाच्या अंगावर आलं, आणि त्या मोजणीचा खुंटा, जो सगळ्यांचा मिळून एक असायला हवा, तो उखडला तरी चालतो असं आपण धरून चाललो. खासगी यंत्र कितीही महाग असो, त्याला टेकायला सार्वजनिक खूण लागते. ती लावणं आणि जपणं हे ग्रामपंचायतीपासून जिल्हा नियोजन समितीपर्यंतच्या मंडळींचं काम आहे. ज्याला मोजायचंय त्यानं घड्याळ घ्यावं, असं म्हणून त्यांना मोकळं होता येणार नाही.

हे पटवायला मला गावात फार कष्ट पडले नाहीत, कारण बांधाचं उदाहरण हाताशी होतं. शेजाऱ्यानं बांध कोरला असा संशय आला तर आपण काय करतो? मोबाइल घेऊन बांधावर उभा राहून "माझ्या ॲपमध्ये तुझी शेवग्याची शेंग माझ्या गटात येते" असं कुणी म्हणतं का? म्हटलं तर ऐकणार कोण? सरकारी मोजणी बोलावतो. मोजणीदार येतो, आधी जुने हद्दीचे दगड शोधतो, तिथून मोजतो, नव्या खुणा करतो, दोन्हीकडच्या सह्या घेतो. पूर्वी साखळी होती, तेहतीस फुटांची, म्हणून तेहतीस बाय तेहतीसचा गुंठा. आता भूमी अभिलेखवाले रोव्हर नावाचं मोजणीचं यंत्र आणतात. तोही उपग्रहांवरच चालतो, पण सेंटिमीटरपर्यंत अचूक येतो. का? तर त्याला कायम जागेवर पक्क्या बसवलेल्या संदर्भ केंद्राचा आधार असतो, ज्याची जागा आधीच काटेकोर मोजलेली आहे. आकाशातून मोजायचं झालं तरी शेवटी जमिनीवर न हलणारा एक खांब लागतोच. एक गुंठ्यासाठी आपण हे सगळं करतो, भांडतो, तारखांना जातो. पोराच्या सोळाशेसाठी चिंचेचं खोड चालतं.

धावण्याच्या शर्यती भरवणाऱ्यांना हे फार आधी उमजलेलं आहे. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरायचा, हजारोंनी लोक येतात. शर्यत संपल्यावर मैदानावर दरवर्षी एक ठरलेलं भांडण ऐकू येतं: "माझ्यात एकवीस पॉइंट चार आलं! रूट जास्त घेतलाय." अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. असे रस्ते रीतसर मोजतात ते सायकलच्या चाकाला बसवलेल्या गणकानं. ती सायकल आधी टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर चालवून तपासून घेतात, मग वळणांवर सगळ्यांत जवळची रेघ धरून रस्ता मोजतात, आणि अंतर कमी भरू नये म्हणून वर हजारात एक वाढवून ठेवतात. धावणारा ती रेघ धरत नाही. तो पाण्याच्या टेबलाकडं वळतो, ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता ओलांडतो. वर घाटातल्या कड्यावर आपटून घड्याळाकडं येणारे उपग्रहांचे संदेश. चारशे मीटर जास्त येणारच. पण हे भांडण मिटतं, कारण निकाल कुणाच्या मनगटावरून लावत नाहीत. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली. त्या .७६ ला अर्थ आहे, कारण तिथला ट्रॅक जगातल्या दुसऱ्या कुठल्याही नियमातल्या ट्रॅकइतकाच लांब असतो. आमच्या चिंचेपाशी पूर्ण सेकंदालाही अर्थ नव्हता.

"मग पोरांनी जिल्हा क्रीडा संकुलात जावं," असं मला एकानं सुचवलं. पहाटे पाचला, एसटी नसताना, तिकडून येऊन सात वाजता धारा काढायला हजर. सुचवणाऱ्याच्या घरी म्हैस नाही.

आता डोंगराकडं येतो, कारण तिथं प्रश्न सेकंदांचा नसतो.

गेल्या पावसाळ्यात एका किल्ल्याच्या वाटेवर धुक्यात आम्ही तिघं चुकलो. फार काही घडलं नाही. घड्याळात आल्या वाटेनं परत नेणारी सोय असते, तिच्या जोरावर तासाभरात खाली आलो. पण त्याआधी, घाबरून, खालच्या गावातल्या ओळखीच्या एका तरुणाला फोन लागला होता. पाय घसरलेल्याला, कड्यावर अडकलेल्याला काढायला आपल्याकडं शेवटी अशीच गावातली पोरं आणि ट्रेकर मंडळींची पथकं धावतात. मी मोठ्या आत्मविश्वासानं त्याला घड्याळावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले, सतरा पॉइंट अमुक, त्र्याहत्तर पॉइंट तमुक. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ते असू द्या. जवळ काय दिसतंय?" म्हटलं, "धुकं." "झाड कसलं हाय?" मला झाडं ओळखता येत नाहीत. फोन तुटला.

आठ-दहा आकडे तुटक्या रेंजवर, घाबरलेल्या आवाजात, बिनचूक सांगणं आणि पलीकडच्यानं बिनचूक लिहून घेणं, याला फार वेळ लागतो. तिथं वाटेवर दर दोनशे मीटरला क्रमांक घातलेला एकेक दगड असता तर मी म्हणालो असतो, "नऊ नंबरच्या वर." विषय संपला. जर्मनीतल्या जंगलांत अशा क्रमांकाच्या मदतखुणा असतात. एवढ्या लांबही जायला नको. विजेवर चालणाऱ्या आपल्या रेल्वेमार्गावर रुळालगतच्या खांबांवर आकडे असतात, कितवा किलोमीटर आणि त्यातला कितवा खांब. रात्री बारालाही रेल्वेचा माणूस नेमकी जागा एका वाक्यात सांगू शकतो. वासोट्याच्या किल्ल्याला बामणोलीहून लाँचनं जावं लागतं, वनखात्याची परवानगी लागते, नावं नोंदवावी लागतात, संध्याकाळच्या आत परतावं लागतं. त्याचा वैताग करणारे आहेत. मला ती नोंद फार मोलाची वाटते. किती माणसं आत गेली आणि किती बाहेर आली, हे तिथं कुणाला तरी माहीत असतं. इतर ठिकाणी दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, वर्तमानपत्रांत 'पर्यटकांनी काळजी घ्यावी' असं छापून येतं. काळजी घ्यायची कशाच्या आधारानं? कडा किती पुढं आहे, वाट कुठं संपते, पाणी वाढलं तर परतायचा दुसरा रस्ता कुठला, हे सांगणारी पाटी नसली की काळजीचा अर्थ 'येऊ नका' एवढाच उरतो. आणि लोक येतातच.

यावर आक्षेप आहेत, आणि ते सगळेच टाकाऊ नाहीत. गड विद्रूप होतील, हा पहिला. मान्य. गडाच्या दगडावर रंग नकोच. बदाम आणि बाण काढणाऱ्यांनी तो पुरेसा लावलाय. खुणा पायथ्याच्या वाटेवर, गुडघ्याइतक्या उंचीच्या, त्याच काळ्या दगडाच्या असाव्यात. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथं तर आणखी जपून. पाट्या चोरीला जातात, हा दुसरा. लोखंडी जातात, म्हणूनच दगड म्हणतोय. दगडही खोटं बोलतात, हा तिसरा, आणि हा खरा आहे. बाह्यवळण झालं, रस्ता सरळ केला की मागचे किलोमीटरचे दगड चुकीचे ठरतात आणि वर्षानुवर्षं तसेच उभे राहतात. पण दगडाची चूक सगळ्यांना सारखी असते. ती एकदा कुणी दाखवली की सगळ्यांसाठी दुरुस्त होते. माझ्या घड्याळातली चूक माझ्यापुरती, त्याच्या मोबाइलमधली त्याच्यापुरती. त्या दोन्ही जुळल्या की आम्ही एकमेकांना "बरोबर आहे" म्हणतो.

चौथा आक्षेप माझा मुलगाच घेतो. तो म्हणतो, बाबा, तंत्रज्ञान कुठं चाललंय बघा. नवी घड्याळं उपग्रहांचं दोन-दोन लहरींवर ऐकतात, जागा सांगणाऱ्या उपग्रहांची आपली स्वतःची 'नाविक' यंत्रणा आहे, पाच वर्षांत मनगटावर एक मीटरची अचूकता येईल, तेव्हा तुमच्या दगडांवर कुत्री पाय वर करतील. येईल, मला शंका नाही. पण ती कुणाच्या मनगटावर येईल? भरतीची तयारी करणाऱ्या पोराचा खुराक म्हणजे घरचं दूध, हरभरे आणि परवडली तर अंडी. आणि अचूकता आली तरी ती नोंद जाते कुठं, हेही बघायला हवं. २०१८ च्या जानेवारीत जगभर गाजलेली गोष्ट आठवा: स्ट्राव्हा या ॲपनं आपल्या सगळ्या धावणाऱ्यांच्या वाटा एका नकाशावर उजळून दाखवल्या आणि त्यात वाळवंटातले लष्करी तळ, सैनिकांच्या रोजच्या फेऱ्यांसकट, चमकायला लागले. आमच्या गावचा रस्ता, चिंच, पोरं किती वाजता पळतात, हे सगळं सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीकडं मीटरागणिक साठलेलं आहे. ग्रामपंचायतीत मात्र पाटीपासून चिंचेपर्यंत किती, याचा कागद नाही.

हा कागद व्हावा म्हणून मी जानेवारीतल्या ग्रामसभेत अर्ज दिला. मागणी छोटी: शाळेपासून फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, साइडपट्टीच्या बाहेर, टेपनं मोजून दर दोनशे मीटरला सिमेंटचा खांब, सोळाशे मीटरपर्यंत, पहिल्या खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि मोजणी कुणी, कधी केली त्याची तारीख. गवंड्याला विचारून खर्चही लिहिला होता, खांबाला दोन हजार, नऊ खांबांचे अठरा हजार. सरपंच म्हणाले, "आठ की नऊ? वर आठ लिवलंय." आठ अंतरांना नऊ खांब लागतात, हे फळ्यावर काढून दाखवेपर्यंत निम्मी सभा चहाला उठली होती. एका सदस्यानं विचारलं, "आन् उंची कशाला? कुणाला पायजे गावाची उंची?" म्हटलं, मला पाहिजे. दर वेळी माहुलीपर्यंत जाऊन प्लॅटफॉर्म तिकीट काढावं लागतं. लोक हसले. विषय पुढं ढकलला.

तोवर पोरांनी आपलं काम करून टाकलंय. आम्ही मोजलेल्या जागी, चिंचेच्या अडतीस मीटर पुढं, डांबरात लांब खिळा ठोकून भोवती पांढरा गोल काढला. मार्चअखेरीच्या कामात त्यावरून डांबराचा नवा थर गेला. त्यांच्यातल्या एका मुलीला खिळ्याची नेमकी जागा पावलांनी आठवत होती, पण तिनं तसं सांगितलं नाही. म्हणाली, "काका, परत मोजू. अंदाजे नको." १ मेच्या ग्रामसभेत अर्ज पुन्हा ठेवणार आहे. टेप भावाला अजून परत केलेली नाही.